साखळीचा कस

गोदाचं लग्न झालं ते साल १९५२. त्या हिवाळ्यात लोकांनी जन्मात पहिल्यांदा मतं टाकली होती, आणि बाजारात निजामाचा हाली रुपया आणि हिंदुस्थान सरकारचा नवा कलदार रुपया अजून एकाच गल्ल्यात पडत होते. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन साडेतीन वर्षं उलटली होती, तरी बायका कुठलीही गोष्ट सांगताना ‘ॲक्शनच्या आधी’ किंवा ‘ॲक्शनच्या नंतर’ असंच म्हणायच्या.

गोदाचे वडील तात्यासाहेब औरंगाबादेत कचेरीत कारकून होते. उस्मानपुऱ्यात भाड्याचं घर, आणि शेती, भाऊबंद सगळे लासूर स्टेशनला. म्हणून लग्न लासूरलाच वैशाखात झालं. गोदाची आई मनकर्णाबाई. तिच्या उस्मानपुऱ्यातल्या घराला लागून, एका भिंतीपलीकडे, नूरमोहम्मद आणि गौहर राहायचे. मनकर्णाबाई गौहरला आपा म्हणायची. नूरमोहम्मद ॲक्शनच्या आधी निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात होते. नंतर नोकरी गेली ती गेलीच, आणि घर गौहरआपाच्या सुईवर चालायला लागलं. टोप्यांवर, ओढण्यांवर ती असं जरीकाम करायची की गुलमंडीवरचे दुकानदार दारात येऊन बसायचे.

दोघींच्या मुली एकाच वयाच्या, इकडची गोदा आणि तिकडची सगीरा. रझाकारांचा जोर होता तेव्हा गौहरआपानं गोदाला आपल्या घरात सगीराशेजारी निजवलं होतं, आणि कुणी दारात आलं तर ‘ही माझ्या बहिणीची गुलशन’ असं बेधडक सांगितलं होतं. मग हिंदुस्थानची पलटण शहरात आली, नाना अफवा उठल्या, गल्ल्या ओस पडल्या. तेव्हा मनकर्णाबाईनं सगीराला गोदाचं परकर-पोलकं नेसवलं, कुंकू लावलं आणि आपल्या चुलीपाशी बसवलं. नुसत्या कुंकवानं तिचं मन भरेना. तिनं आपल्या आईच्या सोन्याच्या बुगड्या स्वतःच्या कानातून काढून सगीराच्या कानात घातल्या. सगीराच्या कानांना वरपर्यंत भोकं होतीच. दिवस निवळल्यावर बुगड्या परत काढल्या तेव्हा पोरीचं तोंड एवढंसं झालं. मनकर्णाबाई तिला जवळ घेऊन म्हणाली, “आत्ता दे. तुझ्या लग्नात ह्या तुझ्याच.”

त्यानंतर हे पुन्हा कुणी बोललं नाही. पण भिंतीच्या दोन्ही बाजूंना ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गोदाच्या लग्नाला गौहरआपा आगगाडीनं लासूरला आली, सगीराला घेऊन. आहेराच्या वेळी तिनं बटव्यातून एक घड्याळ काढलं आणि गोदाच्या गळ्यात घातलं. तसलं घड्याळ लासूरच्या मांडवात कुणी पाहिलेलं नव्हतं. हाली रुपयाएवढं, तबकडीवर निळ्या मिन्याचं फूल, आणि लांब साखळीनं गळ्यात लोंबणारं. आहेर पुकारायला फकिरा न्हावी उभा होता. त्यानं एकदा घड्याळाकडं पाहिलं आणि छाती फुगवून ओरडला, “औरंगाबादच्या गौहरबाईंकडून नवरीला सोन्याचं घड्याळ!”

मांडवात कुजबूज झाली. गौहरआपाचा चेहरा लाल झाला आणि तिनं पदर पुढं ओढला. मनकर्णाबाईला तो लाजरेपणा वाटला.

तात्यासाहेबांची थोरली बहीण आवडाबाई पुढं सरकून घड्याळ न्याहाळायला लागली. “अगं बया, ह्याचे आकडे तर उलटे हायेत! बारा खाली अन् सहा वर! उलटं घड्याळ दिलं व्हय गं पोरीला?”

“उलटं नाही, आवडाबाई,” गौहरआपा हसून म्हणाली. “जी घालते ना, तिच्यासाठी सुलटं आहे. तिनं मान खाली करून पाहिलं की बरोबर दिसतं. दुसऱ्यांनी पाहायचंच नाही ते.”

बायका हसल्या. गोदानं मान खाली घालून घड्याळ पाहिलं आणि खुदकन हसून वेळ सांगितली.

त्या काळी आहेर म्हणजे नुसतं देणं नव्हतं. जो जेवढ्याचा आहेर करील त्याच्या घरच्या कार्यात तेवढ्याचाच परत करायचा, जमलं तर थोडा चढता. उतरता केला तर देणाऱ्याचा अपमान, आणि फार चढता केला तर मिजास. त्यामुळं घराघरात बायकांना कुणाचं लुगडं किती वारी, कुणाचं भांडं किती वजनाचं हे तोंडपाठ असायचं. आणि सगीराचा निकाह ईदेनंतर ठरलेला होता. जालन्याचा मुलगा, शाळेत मास्तर.

मनकर्णाबाईच्या मनात काहीच घोळ नव्हता. सगीराला बुगड्या द्यायच्या. सोन्याच्या घड्याळाला सोन्याच्या बुगड्या, आणि दिलेला शब्दही पुरा.

घोळ झाला गोदा मांडवपरतणीला आली तेव्हा. तिनं गळ्यातलं घड्याळ काढून आईच्या हातात दिलं. “सासूबाई म्हणल्या, घरात येणंजाणं लई, हरवंल. आईकडं ठिव. अन्...”

“अन् काय?”

“अन् आईला इचारून ये म्हणल्या, खरंच सोन्याचं हाय का. मांडवात पुकारलं खरं, पण त्यांच्या जावेनं सांगितलं म्हणं, असली पितळंची लई येतात.”

आवडाबाई तेव्हा घरातच होती. तिला एवढंच पुरलं. “माझ्या मनातलं बोलली तुझी सासू. अगं, गौहरकडं सोनं राह्यलं असतं तर तिनं रात्रंदिवस सुई कशाला ओढली असती? मनकर्णा, तू तिकडं बुगड्या घालशील पोरीच्या कानात, अन् इकडं पितळ निघंल. भाऊबंदांत तोंड कुठं दाखवशील?”

“आपा असं करायच्या नाहीत, वन्सं.”

“मी कुठं म्हणते करतील? नाय करायच्या. पण बघायला काय जातंय?”

बघायला काय जातंय, हे वाक्य मनकर्णाबाईच्या डोक्यात भुंग्यासारखं राहिलं. भिंतीपलीकडून गौहरआपाचा खोकला ऐकू यायचा, सगीराचं हसणं ऐकू यायचं. एक आवाज दिला असता तर आपा भिंतीशी आली असती. पण विचारायचं कसं? तुम्ही दिलेलं खरं आहे का, असं कुणी कुणाला विचारतं? तेवढं तोंड तिला झालं नाही. मग एका दुपारी तिनं घड्याळ रुमालात गुंडाळून कमरेला खोचलं आणि आवडाबाईबरोबर टांग्यात बसली. गौहरआपा दारात सूत निवडत होती. “काय गं, कुठं निघाली सवारी?”

“गुलमंडीला. हळद आणायची हाय,” मनकर्णाबाई म्हणाली. आपाशी बोललेलं तिचं हे पहिलं खोटं.

सराफ्यात बन्सी सोनाराचं दुकान तात्यासाहेबांच्या ओळखीचं. त्यानं रुमाल उलगडला, घड्याळ कानाशी नेलं, मागचं झाकण उघडून पाहिलं. “चीज मोठी नाजूक हाय, वहिनी. मोडायचं का?”

“नाय नाय. नुसतं बघायचंय. लेकीला आहेर आलाय.”

बन्सी हसला. “लाजू नका. लगीनसराई सरली की निम्मं गिऱ्हाईक ह्याच कामाला येतं.” त्यानं काळा कसोटीचा दगड पुढं ओढला. “मागच्या झाकणाच्या कडेला बारीक रेघ ओढतो. कुणाला दिसायची नाय.”

मनकर्णाबाईनं त्याचा हातच धरला. “घड्याळाला लावू नका! जिनं दिलंय तिची नजर सुईची हाय. केसाएवढं काही झालं तरी तिला कळंल. साखळी घासा. मागची बाजू, मानेवर केसांखाली येती ती.”

“वहिनी, साखळी वेगळी, घड्याळ वेगळं. दोन्ही एकाच धातूचं असंलच असं नाय.”

“आता बाई!” आवडाबाई मध्येच म्हणाली. “पैठणीला गोणपाटाचा पदर कुणी लावतं व्हय? घासा साखळी.”

बन्सीनं खांदे उडवले. साखळीच्या दोन-तीन कड्या दगडावर ओढल्या. दगडावर पिवळी रेघ उमटली. सोन्यासारखीच दिसत होती ती. मनकर्णाबाईचा श्वास मोकळा झाला. मग बन्सीनं तेजाबाचा थेंब रेघेवर सोडला. रेघ फसफसली, हिरवट झाली आणि बघता बघता विरून गेली. दगड पुन्हा काळाच्या काळा.

“पितळ. वर सोन्याचं पाणी दिलंय.”

“मी काय म्हणत व्हते?” आवडाबाई म्हणाली.

“मी साखळीचं सांगितलं हां, वहिनी,” बन्सी घड्याळ परत रुमालात ठेवत म्हणाला. “घड्याळाचं मी काही बोललो नाय.”

पण मनकर्णाबाई पायऱ्या उतरायला लागली होती. परतीच्या वाटेवर काळा चबुतरा आला, आता क्रांती चौक म्हणतात तो. तिथं आवडाबाई म्हणाली, “भरल्या मांडवात सोन्याचं म्हणून पुकारून घेतलं, अन् गप बसली. हसली असंल मनात.” मनकर्णाबाईला मांडवातला गौहरआपाचा लाल झालेला चेहरा आठवला, ओढलेला पदर आठवला, आणि त्याचा अर्थ आपल्याला आता कळला असं तिला वाटलं.

निकाहाच्या दोन दिवस आधी तात्यासाहेबांनी विचारलं, “सगीराच्या बुगड्या सोनाराकडून उजळून आणल्या का?”

“बुगड्या नाय देत.”

“म्हणजे? शब्द दिला होतास तू त्या पोरीला.”

“पितळंला सोनं द्यायचं व्हय?”

तात्यासाहेबांना काही उमगलं नाही. त्यांनी बायकोकडं नीट पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते त्यांना आवडलं नसावं. “तुझं तू बघ,” एवढं म्हणून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

निकाहाला मनकर्णाबाईनं एक सुती साडी नेली आणि एक पितळेचा तांब्या. तांब्या तिनं मुद्दाम पितळेचा घेतला होता. अंगणात बायका दाटीनं बसल्या होत्या. गौहरआपानं साडी आणि तांब्या दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हे माझ्या बहिणीकडून.”

सगीरा लाल ओढणीत खाली मान घालून बसली होती. मनकर्णाबाई तिच्यासमोर वाकली तेव्हा पोरीचा मेंदी लावलेला हात आपोआप कानाकडं गेला. वरच्या भोकांत तिनं काही घातलं नव्हतं, ती मोकळी ठेवली होती. हात तिथं क्षणभर थांबला आणि खाली आला.

“मावशी, दुआ करा,” सगीरा म्हणाली.

घरी येईपर्यंत मनकर्णाबाई स्वतःला समजावत राहिली की झालं ते रीतीनं झालं. पण घरी आल्यावर तिनं बुगड्या ट्रंकेत पार तळाशी सरकवल्या.

श्रावण लागला. पंचमीला गोदा माहेरी येणार होती. त्याच्या आधी एका सकाळी गौहरआपा भिंतीला वळसा घालून आली आणि चुलीपाशी पाट ओढून बसली. मनकर्णाबाई डाळ पाखडत होती. आपाच्या हातात कागदाची पुडी होती.

“एक गोष्ट बोलायची होती, मनकर्णा. शरम वाटत होती म्हणून तोंड उघडलं नाही इतके दिवस. ते घड्याळ दिलं ना गोदाला, त्याची साखळी पितळेची आहे.”

मनकर्णाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

“घड्याळ खरं आहे गं. अब्बांनी अम्मीसाठी हैदराबादहून आणलं होतं, मी जन्मले तेव्हा. साखळी पण सोन्याची होती. यांची नोकरी गेली त्या साली मी ती विकली. सगळी एकदम नाही, कडी कडी करून. एक कडी गेली की घरात ज्वारी यायची. घड्याळ विकायला पण कितीदा काढलं आणि परत ठेवलं. मग गोदासाठी पितळेची साखळी अडकवून दिली. तो न्हावी मुआ सोन्याचं म्हणून ओरडला, तेव्हा मेरेकू असं झालं, जमीन फाटावी आणि आत जावं. अर्धं खोटं होतं ना ते. तेव्हाच ठरवलं, सगीराचं पार पडू दे, पहिली साखळी बदलायची.” तिनं पुडी उलगडली. “सोन्याची नाही जमली. चांदीची आहे. पण खरी आहे. दे ते घड्याळ, गोदा यायच्या आत बदलून टाकू.”

मनकर्णाबाईला वाटलं, म्हणावं घड्याळ गोदाच्या सासरी आहे. पण गोदा ते इथं ठेवून गेली हे आपाला माहीत होतं, गोदानंच सांगितलेलं. ती उठली, ट्रंकेपाशी गेली. साखळीचा तो भाग आपल्या मुठीत राहील असं तिनं घड्याळ पुढं केलं, पण साखळी कुणाच्या मुठीत किती वेळ राहणार?

गौहरआपानं साखळी बोटांतून सोडायला सुरुवात केली. सुईकाम करणारी बोटं ती, एकेक कडी चाचपत गेली. आणि थांबली. मानेवरच्या त्या दोन-तीन कड्यांवरचं पाणी उडालं होतं. वापरून झिजतं तसं गोल झिजलेलं नव्हतं. एका बाजूनं सपाट, सरळ घासलेलं होतं.

चुलीत लाकूड तडतडलं. कितीतरी वेळ आपा त्या कड्यांवरून अंगठा फिरवत राहिली.

“सराफ्यात नेलं होतंस?”

मनकर्णाबाईनं डाळीचं सूप पुढं ओढलं.

“हळद आणायला गेली होतीस त्या दिवशी,” गौहरआपा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “मला विचारायचं ना गं. भिंतीपलीकडं तर होते. मी सांगितलं असतं.”

मनकर्णाबाई पुन्हा ट्रंकेपाशी गेली. बुगड्या घेऊन आली आणि आपाच्या मांडीवर ठेवल्या. “आपा, ह्या सगीराच्या हायेत. घ्या. तुमच्या पाया पडते.”

गौहरआपानं बुगड्यांकडं पाहिलं. “सगीरानं विचारलं होतं मला, मावशीनं बुगड्या का दिल्या नाहीत म्हणून. मी म्हटलं, गोदाच्या लग्नाचा खर्च झाला, मोडल्या असतील बिचारीनं. ती म्हणाली, मग मावशीला वाईट वाटलं असेल, आपण विषय नक्को काढू.” तिनं बुगड्या उचलून हळूच मनकर्णाबाईच्या तळहातावर परत ठेवल्या. “आता नक्को. त्या दिवशी घेतल्या असत्या तर त्या बुगड्या होत्या. आता घेतल्या तर घड्याळाची किंमत होईल.”

मग जणू काही झालंच नाही अशा हातांनी तिनं पितळेची साखळी काढली, चांदीची ओवली, आणि लांबी बघायला म्हणून घड्याळ मनकर्णाबाईच्या गळ्यात घातलं. “चालतं का बघ. किती वाजले?”

मनकर्णाबाईनं मान खाली घातली. आकडे सुलटे तिच्यासमोर होते, पण तिला काटे दिसेनात. टपकन एक थेंब निळ्या फुलावर पडला. गौहरआपानं पदरानं तो पुसला, पितळेची साखळी मुठीत घेतली आणि उठली. “ही मी नेते. इथं राहिली तर घासलेलं गोदाला दिसेल.”

त्यानंतर दोघींचं बोलणं तुटलं असं नाही. ईदेचा शीरखुर्मा भिंतीवरून येतच राहिला आणि संक्रांतीचे तिळगूळ जात राहिले. फरक पडला तो एवढाच, की गौहरआपा काहीही देताना आधी सांगायला लागली. “दूध सकाळचं आहे बरं.” “ही टोपी माझ्या हातची नाही, सगीराच्या हातची आहे.” “तूप थोडं कमी पडलंय यात.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनकर्णाबाई वाटी हातात घेऊन न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आवडाबाईला यातलं काही कळलं नाही. ती लासूरला म्हातारी होऊन गेली, आणि शेवटपर्यंत त्या पितळेच्या घड्याळाची गोष्ट रंगवून सांगत राहिली. मनकर्णाबाईनं एकदाच तिला ‘पुरे’ म्हटलं, एवढ्या जोरात की आवडाबाई त्यानंतर उस्मानपुऱ्यात राहायला आली नाही. बन्सी सोनाराच्या पोरांनी दुकान मोठं केलं. मनकर्णाबाई त्या गल्लीत पुन्हा गेली नाही, गोदाच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं सोनंसुद्धा तात्यासाहेबांनी एकट्यानं आणलं. तात्यासाहेब पेन्शनीत निघाले आणि दोन वर्षांत गेले. त्यांनी बायकोला त्या बुगड्यांबद्दल कधी विचारलं नाही.

भाषावार नवी राज्यं झाली तेव्हा नूरमोहम्मद आणि गौहर हैदराबादला भावाकडं निघून गेले. स्टेशनवर गौहरआपानं मनकर्णाबाईला घट्ट धरलं. नूरमोहम्मदला तिकडं एका दुकानात हिशेबाचं काम लागलं. आपा तिथंच वारली. बातमी उशिरा आली. सगीरा जालन्याला सुखी राहिली. बऱ्याच वर्षांनी ती मनकर्णाबाईला भेटायला आली तेव्हा केस पांढरे झाले होते. तिनं सांगितलं, “मावशी, तुमची ती साडी विरली तेव्हा मी तिची गोधडी शिवली. माझी लेकरं तिच्यात वाढली. अम्मी सगळ्यांना सांगायची, ही माझ्या बहिणीनं दिलेली.” मनकर्णाबाईच्या उशाखाली तेव्हा बुगड्या होत्या, सगीरा येणार म्हणून सकाळीच काढून ठेवलेल्या. तिनं त्या उशाखालून काढल्या नाहीत. द्यायच्या तर का, ते सांगावं लागलं असतं. तिच्यामागं त्या धाकट्या लेकीला मिळाल्या.

घड्याळ गोदाकडं आहे. ते केव्हाच बंद पडलं, चांदीची साखळी काळी पडली. अलीकडं गोदाचा नातू म्हणाला, “आजी, असल्या जुन्या घड्याळांना पुण्यात चांगला भाव येतो. नेऊन दाखवू का?”

गोदानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. “आई जाताना एवढंच बोलली होती माझ्याशी,” ती म्हणाली. “ह्याची किंमत काढायची नाही.”

“का पण?”

“ते मला नाही माहीत,” गोदा म्हणाली, आणि सवयीनं मान खाली घालून बंद घड्याळात पाहिलं.